स्केटबोर्डच्या चाकाची कठिनता, पृष्ठभागाचे स्वरूप आणि वेग : एक विवेचन

बीजशब्द : स्केटबोर्ड, पॉलियुरेथेन, शोर कठिनता, हिस्टेरेसिस, घरंगळण्याचा रोध

प्रस्तावना

जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो येथे पार पडलेल्या ऑलिंपिक स्पर्धांत स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर वाढलेल्या या खेळाला जागतिक क्रीडाव्यवस्थेत अधिकृत स्थान मिळाले. भारतातही मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ पासून काँक्रीटचे स्केटपार्क आहे. खेळाचा प्रसार होत असताना त्याच्या साधनांविषयीचे काही समज मात्र तपासून न पाहता पुढे जात राहतात. ‘चाक जितके कठीण, तितका वेग अधिक’ हा त्यांपैकी सर्वांत दृढ समज होय. हे विधान चुकीचे आहे असे नाही; ते अपुरे आहे. घोटलेल्या, गुळगुळीत काँक्रीटवर ते खरे ठरते आणि खडबडीत डांबरी रस्त्यावर नेमके उलटे होते. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रश्न केवळ वेगाचा नाही. अयोग्य चाक लहानशा खड्याशी अडते आणि स्वार पुढे फेकला जातो, त्यामुळे शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आरंभीच्या स्केटबोर्डांना रोलर स्केटची धातूची चाके बसविलेली असत. १९६०च्या दशकात त्यांची जागा ‘क्ले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संमिश्र पदार्थाच्या चाकांनी घेतली. दोन्ही प्रकारची चाके अतिशय कठीण होती. निव्वळ कठिनतेने वेग मिळत असता, तर हा काळ वेगाचा सुवर्णकाळ ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात ही चाके रस्त्यावर खडखडत, वळणावर घसरत आणि बारीक खडा आडवा आला तरी थबकत. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने कॅलिफोर्नियात विक्रीस आणली. तशी चाके त्याने प्रथम व्हर्जिनियातील एका कारखान्यात पाहिली होती. ती रोलर स्केटिंगसाठी बनविलेली होती. पोलादाच्या तुलनेत पुष्कळच मऊ असलेल्या या चाकांनी त्याच रस्त्यांवर स्केटबोर्डला अधिक वेग दिला, पकड दिली आणि ओसरत चाललेल्या खेळाला नवे आयुष्य दिले. पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत विकसित केले होते. म्हणजे पदार्थ उपलब्ध होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर तो या चाकापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रातील वाचकास याला समांतर असे उदाहरण परिचयाचे आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसविलेली लोखंडी धाव कोणत्याही रबरापेक्षा कठीण असते. तरीही रबरी टायरची गाडी आली, तेव्हा तितक्याच बैलांना अधिक ओझे ओढता येऊ लागले. याउलट रेल्वेचे पोलादी चाक पोलादी रुळावर अत्यल्प रोधाने धावते. फरक चाकात जितका आहे, तितकाच त्याच्याखालील मार्गात आहे. रेल्वेने कठीण चाकासाठी आधी गुळगुळीत मार्ग अंथरला. स्केटबोर्डला समोर येईल तो मार्ग स्वीकारावा लागतो.

कठिनतेचे मापन

चाकाची कठिनता शोर ड्युरोमीटर या उपकरणाने मोजतात. अल्बर्ट शोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत स्प्रिंगच्या जोरावर एक बोथट सुई पदार्थात दाबली जाते. सुई २.५ मिमी आत गेली तर अंक ०, मुळीच गेली नाही तर १००. ‘ए’ मापश्रेणीत या सुईचे टोक सुमारे ०.७९ मिमी व्यासाचे व सपाट असते. स्थूलमानाने लांब पल्ल्याच्या बोर्डांची चाके ७५ ए ते ८५ ए, तर स्केटपार्क व रस्त्यावरील कसरतींची चाके ९५ ए ते १०१ ए या पट्ट्यात येतात.

‘१०१ ए’ हा अंक वाचून विज्ञानाच्या प्राध्यापकाला थांबावेसे वाटले, तर ते योग्यच आहे. वरील व्याख्येनुसार १०० च्या पुढचा अंक संभवत नाही. तो व्यापारी सोयीचा विस्तार आहे. किंबहुना ९० च्या पुढे ‘ए’ श्रेणीचे वाचन फारसे विश्वसनीय राहत नाही आणि अधिक तीक्ष्ण सुईची श्रेणी वापरणे इष्ट समजले जाते. म्हणूनच काही उत्पादक ‘बी’ श्रेणीचा अंक देतात. या दोन श्रेणींत सुमारे २० अंकांचा फरक मानला जातो. ८४ बी चे चाक ८४ ए इतके मऊ समजून विकत घेणाऱ्याची फसगत अटळ आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, ही श्रेणी समप्रमाणी नाही. ए. एन. जेंट यांनी १९५८ मध्ये शोर अंक व यंगचा गुणांक यांचा संबंध दर्शविणारे एक सूत्र मांडले. त्यानुसार ८० ए च्या पदार्थाचा गुणांक सुमारे ९.४ मेगापास्कल, ९० ए चा सुमारे २१ आणि ९५ ए चा सुमारे ४४ मेगापास्कल येतो. म्हणजे ८० वरून ९० वर जाताना ताठरपणा दुपटीहून अधिक होतो आणि पुढच्या अवघ्या पाच अंकांत तो पुन्हा दुप्पट होतो. सूत्र स्थूल आहे व १०० च्या जवळ ते निरुपयोगी ठरते. तथापि ९५ आणि ९९ या अंकांतील अंतर दिसते तेवढे लहान नाही, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

ऊर्जा कोठे खर्च होते?

सपाट मार्गावर सोडलेला स्केटबोर्ड हळूहळू थांबतो. बेअरिंगमधील घर्षण व हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवल्यास, त्याची गतिज ऊर्जा मुख्यतः दोन वाटांनी निघून जाते, आणि या दोन वाटा कठिनतेला परस्परविरुद्ध प्रतिसाद देतात. विषयाचे मर्म येथे आहे.

पहिली वाट चाकाच्या आतील आहे. भाराखाली चाकाचा तळ किंचित चपटा होतो. चाक पुढे सरकते तसा चपटा झालेला भाग मोकळा होऊन मूळ आकार घेतो व नवा भाग दबतो. पदार्थ पूर्णतः प्रत्यास्थ असता, तर दबताना घेतलेली सर्व ऊर्जा त्याने उसळताना परत केली असती. पॉलियुरेथेन तसे करीत नाही. काही ऊर्जा रेणूंच्या आपसांतील घर्षणात उष्णतेच्या रूपाने राहते. या घटनेस हिस्टेरेसिस म्हणतात. चाक कठीण असेल तर विरूपण कमी, म्हणून ही हानीही कमी. गुळगुळीत पृष्ठभागावर जवळजवळ हीच एक वाट उघडी असल्याने तेथे कठीण चाक सरस ठरते.

दुसरी वाट चाकाच्या बाहेरची आहे. खडबडीत डांबरी रस्त्यावर खडीचे माथे वर आलेले असतात. मऊ चाक असा माथा आपल्या अंगात सामावून घेते. आसाची पातळी फारशी बदलत नाही. कठीण चाकाला मात्र त्यावर चढावे लागते, आणि चाक चढते तेव्हा आस, फळी व काही अंशी स्वारही उचलला जातो. उचललेले वस्तुमान पुढच्या क्षणी खाली आदळते. खडीच्या माथ्यांमधील अंतर १० मिमी व वेग सेकंदाला ४ मीटर धरला, तर प्रत्येक चाकाला सेकंदाला ४०० धक्के बसतात. हा कंप फळीत, घोट्यात, गुडघ्यात आणि स्नायूंत जिरतो. पायांना झिणझिण्या आणणारी ती ऊर्जा कोठून तरी आलेली असते. ती बोर्डच्या वेगातूनच वजा होते.

मानवी शरीर हे कंप शोषणारे उत्तम साधन आहे, आणि म्हणूनच ही हानी सहज लक्षात येत नाही. गुळगुळीत पोलादी रुळावर चाक फिरवून घेतलेल्या प्रयोगशालेय चाचणीत ती अजिबात दिसणार नाही. तेथे कठीण चाक नेहमीच पहिले येईल.

या परिणामांचे परिमाण कल्पिण्यासाठी साधे गणित पुरते. स्वार व बोर्ड मिळून ७० किलोग्रॅम व घरंगळण्याच्या रोधाचा गुणांक ०.०१ मानला, तर रोधक बल सुमारे ६.९ न्यूटन येते आणि सेकंदाला ४ मीटर वेगाने सोडलेला बोर्ड (हवेचा रोध वगळून) सुमारे ८२ मीटर जातो. गुणांक ०.०२ झाला की अंतर निम्म्यावर, सुमारे ४१ मीटरवर येते.

पृष्ठभाग आणि व्यास

घोटलेले काँक्रीट व प्लायवूडचे उतार हे कठीण चाकाचे क्षेत्र होय. लाकडावर मात्र अतिकठीण चाक निसटते आणि जोर देताना चाक घसरले तर मिळविलेला वेगही वाया जातो, म्हणून तेथे काही स्वार दोन-चार अंक मऊ चाक पसंत करतात. जुना, खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता हे दुसरे टोक. तेथे ७८ ए ते ८५ ए ची चाके निःसंशय वेगवान असतात. सांधे असलेल्या फरसबंदीवर धक्के विरळ पण मोठे असतात आणि तेथे कठिनतेइतकाच व्यास निर्णायक ठरतो.

२ मिमी उंचीच्या कडेवर न दबणारे चाक चढविण्यास लागणारे आडवे बल भूमितीने काढता येते. ५२ मिमी व्यासाच्या चाकास ते त्यावरील भाराच्या सुमारे ४२ टक्के, तर ७० मिमी व्यासाच्या चाकास सुमारे ३५ टक्के येते. एका चाकावर साडेसतरा किलोग्रॅम भार धरल्यास लहान चाकाला सात किलोग्रॅमहून अधिक भाराइतके बल लागते. हे बल क्षणार्धात मिळाले नाही, तर बोर्ड अडतो आणि स्वार जडत्वाने पुढे जातो.

डोंगरउतारावरील स्केटबोर्डिंगमध्ये वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. पीटर कॉनोली याने २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात ताशी १४६.७३ किलोमीटर वेग नोंदविला. या प्रकारात सामान्यतः ७० मिमीच्या आसपासची, ८० ए च्या जवळपासची चाके वापरली जातात. सर्वाधिक वेगाचा हा प्रकार सर्वांत कठीण चाकांवर चालत नाही, कारण तो डांबरी रस्त्यावर चालतो आणि तेथे पकड सुटणे जिवावर बेतू शकते.

कठिनता आणि उसळी

समान शोर अंकाची दोन चाके समान वेग देतीलच असे नाही. ड्युरोमीटर पदार्थ किती दबतो हे सांगतो. दबल्यावर त्यातील किती ऊर्जा परत मिळते हे सांगत नाही. त्यासाठी उसळीचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते. पॉलियुरेथेनच्या रेणूत कठीण व मऊ खंड आलटून पालटून असतात आणि त्यांच्या घडणीवर हा गुण अवलंबून असतो. तापमानही त्यात ढवळाढवळ करते. चांगली उसळी असलेले मऊ चाक, निकृष्ट घडणीच्या कठीण चाकास मध्यम प्रतीच्या रस्त्यावर सहज मागे टाकू शकते. वेष्टनावर कठिनता ठळक छापली जाते, उसळीचा उल्लेख क्वचितच असतो.

महाविद्यालयीन प्रयोगाची शक्यता

पदवी स्तरावर हा विषय अल्प खर्चात तपासता येतो. २० सेंमी उंचीच्या फळीवरून बोर्ड घरंगळत सोडावा आणि सपाट भागावर तो किती अंतर जातो ते मोजावे. फळीवरील हानी वगळता, उंचीला या अंतराने भागले की रोधाचा गुणांक मिळतो : ०.०१ असल्यास अंतर २० मीटर, ०.०२ असल्यास १० मीटर. महाविद्यालयाची कोटा फरशीची ओवरी, आवारातील सिमेंटचा कोबा आणि प्रवेशद्वाराबाहेरील डांबरी रस्ता असे तीन पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी हाताशी असतात. चाकांचा व्यास व बेअरिंग तीच ठेवावीत. जमिनीचा नकळत असलेला उतार वजा करण्यासाठी प्रत्येक मापन दोन्ही दिशांनी घ्यावे आणि अंतरांची नव्हे, तर त्यांवरून काढलेल्या गुणांकांची सरासरी करावी. प्रत्येक चाचणी दोनदा करावी : एकदा फळीला लोखंडी वजने घट्ट बांधून आणि एकदा तितक्याच वजनाचा, शिरस्त्राण व गुडघ्यांना गाद्या घातलेला विद्यार्थी उभा करून. कोटा फरशीवर दोन्ही अंतरे जवळपास सारखी यावीत. डांबरी रस्त्यावर कठीण चाकांच्या बाबतीत जो फरक उरेल, त्यावरून स्वाराच्या शरीरात जिरणाऱ्या ऊर्जेचा अंदाज बांधता येईल.