भूकंप-घटनांचा दर
भूकंप-घटनांचा दर : भूकंपलेखकावर (भूकंपलहरींची आपोआप नोंद करणाऱ्या उपकरणावर) नोंदल्या गेलेल्या धक्क्यांच्या संख्येस उपकरणाच्या प्रत्यक्ष कार्यकालाने भागले असता येणारे मूल्य. ते सामान्यतः दर दिवसास किंवा दर आठवड्यास इतके धक्के, असे देतात.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये भूकंपमालिका अनुभवास आली. तीतील सर्वांत मोठा धक्का १५ सप्टेंबर १९८३ रोजी बसला व त्याची महत्ता ४.९ होती. या मालिकेचा संबंध जलाशय भरण्याशी जोडला जातो. १० डिसेंबर १९६७ चा कोयना येथील विनाशकारी भूकंप हे या प्रकाराचे सुपरिचित उदाहरण होय. अशा वेळी शहापूर व शेजारच्या मुरबाड तालुक्यातील रहिवाशांना एकच गोष्ट हवी असते : धक्के वाढत आहेत की ओसरत आहेत? त्याचे उत्तर दराच्या आलेखावरून मिळते.

गणन : प्रथम खऱ्या घटना निवडाव्या लागतात. खाणींतील सुरुंगांचे स्फोटही नोंदले जातात. ते बहुधा कामाच्या वेळेत व ठराविक जागी होत असल्याने वेगळे काढता येतात. प्राथमिक व द्वितीयक लहरींच्या आगमनांतील अंतर सेकंदांत घेऊन त्यास सु. ८ ने गुणल्यास धक्क्याचे अंतर किमी. मध्ये मिळते. यानंतर कार्यकालाची दुरुस्ती करतात. समजा, वीज गेल्याने उपकरण दिवसातील १८ तासच चालले व १२ धक्के नोंदले गेले, तर दर १२ नसून दिवसास १६ येतो.

अनिश्चितता : घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर प्वासाँ वंटनानुसार मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ ही तिची अनिश्चितता असते. एका आठवड्यात ९ व पुढील आठवड्यात १६ धक्के नोंदले गेल्यास फरक ७ होतो; परंतु त्या फरकाची अनिश्चितता (९ + १६) चे वर्गमूळ म्हणजे ५ असल्याने वाढ निश्चित झाली असे म्हणता येत नाही. भूकंपमालिकेत धक्के पुंजक्यांनी येत असल्याने प्रत्यक्ष अनिश्चितता याहूनही अधिक असते.

आलेखन : क्षितिजसमांतर अक्षावर काल व उभ्या अक्षावर दर घेऊन आयतालेख काढतात. कालखंड फार लहान घेतल्यास आलेख दंतुर होतो, तर फार मोठा घेतल्यास अल्पकाळातील चढ-उतार लोपतात. त्याच कागदावर जलाशयाची पातळी दाखविल्यास दोहोंमधील कालांतर पडताळता येते.

नवे केंद्र सुरू झाल्यावर पूर्वी निसटणारे सूक्ष्म धक्केही नोंदले जातात व दर एकाएकी वाढल्याचा भास होतो. म्हणून ज्या महत्तेपासून पुढील सर्व धक्के संपूर्ण कालावधीत नोंदले गेले आहेत, तेवढेच तुलनेसाठी घेतात. ही काळजी न घेतल्यास उपकरणातील सुधारणा हीच भूकंपातील वाढ समजली जाऊन लोकांत अकारण घबराट पसरते. याउलट, उपकरण बंद असलेले दिवस शून्य धक्क्यांचे धरल्यास खरा धोका दृष्टिआड होतो.