हळदीचा पिवळा रंग आणि आपले गुडघे

ऊस हे आपले मुख्य पीक खरे. पण आपल्यापैकी बऱ्याच सभासदांच्या रानात दहा-वीस गुंठे हळदही असते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र दराची चौकशी करणारे आपण, ही हळद अंगात जाऊन नेमके काय करते याची चौकशी क्वचितच करतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या चुलत्यांचे गुडघे धरले. रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना खाली बसणेही अवघड झाले. कोणीतरी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आणि वर सांगितले, की आता दुसऱ्या कसल्याच गोळ्या नकोत. तात्यांनी रक्तदाबाची गोळीसुद्धा बंद केली. महिनाभरात चक्कर येऊन गोठ्यात पडले. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. "अरं, हळदच तर हाय, तिनं काय होतंय?" असे त्यांचे म्हणणे.

हळदीला पिवळेपणा देणारे रंगद्रव्य म्हणजे कुरक्युमिन. ते १८१५ साली प्रथम वेगळे काढले गेले. त्याचे गुण आपण रोज पाहतो की. हळदीत चुना पडला की ती लाल होते. धोतरावरचा डाग साबण लागताच तांबडा होतो आणि उन्हात वाळत घातला की विरून जातो. म्हणजे हे द्रव्य उजेडात टिकत नाही. हळदपूड खिडकीतल्या काचेच्या बरणीत ठेवू नये, ती याचसाठी.

सांधा दुखावला की शरीर तिकडे जास्तीचे रक्त आणि पेशी धाडते. मग सूज, गरमपणा, ठणका. यालाच दाह म्हणतात. दाह पेटता ठेवणारे पेशींतले निरोप कुरक्युमिन दाबून धरते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. थायलंडात गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. काहींना रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क दिला, बाकीच्यांना आयबुप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी. चार आठवड्यांनी दोघांचेही दुखणे जवळपास सारखेच उतरले. म्हणजे आजीचा लेप अगदीच वाया नव्हता! जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करून घेतले.

पण हिशेब नीट करू. हळदीत हे रंगद्रव्य साधारण शंभराला तीन. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत ते जेमतेम नव्वद मिलिग्रॅम. थायलंडातल्या मात्रेइतके घ्यायचे तर दिवसाला कितीतरी चमचे हळद खावी लागेल. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, आणि रक्तात पोचले तरी यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावते. तेलाच्या फोडणीतली किंवा सायीच्या दुधातली हळद त्यातल्या त्यात बरी. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांना दिसले, की मिऱ्यातल्या तिखट द्रव्याबरोबर कुरक्युमिन दिले तर ते रक्तात वीसपट चढते.

मेख इथेच आहे. मिरे ज्या वाटेने कुरक्युमिनला यकृताच्या तावडीतून सोडवते, त्याच वाटेने इतर औषधांचेही प्रमाण वाढू शकते. जोरदार कॅप्सूलनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचे अलीकडच्या वर्षांत नोंदले गेले आहे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. आमटी-भाजीतल्या हळदीला यातले काही लागू नाही. ती खुशाल खावी.

आणखी एक. झगझगीत पिवळी म्हणजे चांगली हळद, हा समज सोडावा. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग चोळत असल्याचे २०१९ साली उघड झाले. शिसे पोरांच्या मेंदूवर जाते. तेव्हा घरच्या हळदीतली पाच-सहा किलो हळकुंडे पॉलिश न करता बाजूला काढावीत आणि लागतील तशी दळावीत. ज्यांच्याकडे हळद नाही त्यांनी शेजारच्या बांधावरून मागून घ्यावीत.

तात्यांची रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम दिलेत, ते मात्र ते टाळतात. कॅप्सूलचा डबा त्यांनी डॉक्टरांना नेऊन दाखवला, हे बरे केले.