स्लीपिंग बॅग आणि खालची गोधडी

सिद्धेश्वर धरणाच्या काठी मुक्काम ठरला की हिंगोलीची पोरं हल्ली तंबूबरोबर स्लीपिंग बॅगही शोधतात. ‘उणे दहाची आहे, बिनधास्त घ्या’ असं दुकानदार सांगतो आणि आपण बिनधास्त पैसे मोजतो.

हा आकडा नेमका कोणता, हे विचारायला हवं. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तापमानाचे वेगवेगळे आकडे असतात. आपल्या कामाचा कम्फर्टचा. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचण्याची पातळी. तिथे झोप लागणं दूरच, शरीर धोकादायकरीत्या गार पडू शकतं. मोठ्या अक्षरात मात्र बहुधा सगळ्यात धाडसी आकडा छापलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास येतो, लाट आली तर त्याखाली. त्यासाठी पाच अंश कम्फर्टची बॅग पुरते. खरोखर उणे दहाची बॅग इथे घेतली तर घामाने भिजाल आणि पहाटे त्याच ओलीने काकडाल. केदारकंठ्याच्या बर्फात एकदाच जायचं असेल तर तेवढ्यापुरती भाड्याने घ्यावी.

बॅग ऊब देते, हाही गैरसमजच. ती फक्त अंगाची ऊब धरून ठेवते, तीही फुगलेल्या भरावात अडकलेल्या हवेच्या जोरावर. कुडकुडत आत शिरलेला माणूस बराच वेळ कुडकुडतच राहतो. त्यापेक्षा पोटभर जेवून, घाम येणार नाही इतपत फिरून आत जावं. ‘एक घोट घे, गरम वाटेल’ हा सल्ला तर उलटाच: दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, तात्पुरतं गरम वाटतं आणि उष्णता अधिक वेगाने निसटते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे खालची जमीन. पाठीखालचा भराव वजनाने चेपतो, त्यातली हवा जाते आणि बॅग कितीही महागडी असली तरी जमीन ऊब ओढत राहते. नुकतंच पाणी दिलेल्या गव्हाच्या शेजारची काळी माती असेल तर विचारूच नका. फोमची मॅट घ्या. नसेल तर कोरडा कडबा पसरून त्यावर आजीची जाड गोधडी टाका. ती पांघरायला जड, सुती असल्याने ओल धरणारी. पण अंगाखाली सहज चेपत नाही. शहाण्याने बॅग आणि गोधडी दोन्ही न्यावं. कयाधूच्या पात्रालगत मात्र तंबू टाकू नये: रात्री गार हवा सखल भागात उतरून साचते, दवही तिथेच जास्त.

आत शिरण्याआधी बॅग झटका. मराठवाड्यात विंचू थंडीला घाबरून घरी बसत नाहीत.

घरी आल्यावर बॅग छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकणारे सगळ्यात जास्त. भराव महिनोन्महिने चेपलेला राहिला की पुन्हा फुगत नाही. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. धुतल्याने बॅग बिघडते म्हणून वर्षानुवर्षं न धुणाऱ्यांसाठी: पॉलिएस्टर भरावाची बॅग सौम्य साबणाने हाताने धुता येते. पिळू नका, ओली असताना एका टोकाला धरून उचलू नका, आतली शिवण उसवते. सावलीत आडवी पसरा आणि गोळे झालेला भराव मधूनमधून हाताने मोकळा करा. पिसांची बॅग असेल तर वाळायला फार वेळ लागतो. आत थोडी जरी ओल राहिली तरी कुबट वास येतो.