आग्र्याचा मुनाझरा : पाद्र्यांच्या सवालांना उलेमांनी कसा जवाब दिला?

दारावर कुणी परदेशी मिशनची पुस्तिका देऊन गेलं किंवा मुलांनी मोबाईलवर इस्लामविरोधी भाषण ऐकलं, की आपल्या घरात दोनच गोष्टी होतात. एक तर आपण भडकतो, नाहीतर "असले प्रश्न विचारायचे नसतात" म्हणून पोरांना गप्प करतो. हीच वेळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या बुजुर्गांवरही आली होती. तेव्हा त्यांनी काय केलं, ते समजून घेऊ या.

मिशनरी कसे आले?

ईस्ट इंडिया कंपनी सुरुवातीला मिशनऱ्यांना सहजासहजी परवानगी देत नसे. 1813च्या सनदी कायद्यानंतर वाट मोकळी झाली. शाळा, छापखाने आणि दवाखाने आले, सोबत धर्मप्रचारही आला. मुंबईत स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन यांनी काम सुरू केलं. आजचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. तिकडे आग्र्यात कार्ल फँडर हे जर्मन पाद्री होते. फारसी-उर्दू जाणणारे. त्यांचं 'मीझानुल हक' हे पुस्तक थेट मुसलमानांना उद्देशून होतं. राज्य इंग्रजांचं असल्यामुळे अशा पुस्तकांची लोकांना जास्तच धास्ती वाटायची.

मौलानांची तयारी

कैरान्याचे मौलाना रहमतुल्लाह यांनी फँडरना जाहीर चर्चेचं आव्हान दिलं. पण आधी तयारी केली. त्यांच्या जोडीला होते डॉ. वझीर खान. कलकत्त्यात डॉक्टरी शिकलेले आणि इंग्रजी येणारे. बायबलच्या मजकुराची चिकित्सा खुद्द युरोपातले ख्रिस्ती विद्वानच करत होते. ती पुस्तकं वझीर खानांनी वाचली आणि मौलानांना त्यातलं समजावून सांगितलं. आलिम आणि डॉक्टर, दोघांचं इल्म एकत्र आलं.

दोन दिवसांत काय झालं?

10 आणि 11 एप्रिल 1854 रोजी आग्र्यात मुनाझरा झाला. विषय आधी पत्रं लिहून ठरवलेले होते. ऐकायला मुसलमान होते, हिंदू होते, इंग्रज अधिकारीही होते. बायबलच्या प्रतींमध्ये काही ठिकाणी फरक पडलेत, हे फँडरनी मान्य केलं. पण मूळ शिकवण बदलली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गाडी तिथेच अडली. त्रैक्य आणि इतर विषयांपर्यंत चर्चा पोहोचलीच नाही. पुढे दोन्ही बाजूंनी हकीकत छापली आणि दोघांनीही आपलीच सरशी झाल्याचं सांगितलं.

आणखी एक गोष्ट आपण लपवू नये. या मुनाझऱ्याशी संबंध आलेले सफदर अली आणि इमादुद्दीन यांनी 1860च्या दशकात बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मैदानातला एक विजय सगळ्यांच्या मनातले सवाल मिटवत नाही. ते रोज, सबुरीनं ऐकावे लागतात.

पुढे काय?

1857च्या उठावानंतर मौलानांची जमीनजुमला जप्त झाली आणि ते मक्केला गेले. तिथे स्वस्थ बसले नाहीत. उस्मानी सुलतानांच्या सांगण्यावरून त्यांनी अरबीत 'इजहारुल हक' लिहिलं. नंतर मक्केत मदरसा उभा केला. त्याला पैसा दिला कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांनी, म्हणून नाव पडलं मदरसा सौलतिया.

आपण काय घ्यायचं?

दीनच्या बाबतीत बळजबरी नाही, हे आपण मानतो. मग दुसऱ्याला आपलं म्हणणं मांडू देणंही त्यातच आलं. पुस्तिका फाडून किंवा प्रचारकाला हाकलून जवाब मिळत नाही. मौलाना रहमतुल्लाह आधी समोरच्याची किताब वाचायला बसले होते. आपल्या मुलानं उद्या एखादा अवघड सवाल विचारला, तर निदान "चल, आपण मिळून शोधू" एवढं तरी म्हणू या. ज्याला घरात जवाब मिळत नाही, तो बाहेर शोधायला जातोच.