वर्ग बांधताना आवाजाचाही हिशेब करा

कापडाच्या भरलेल्या दुकानात चार गिऱ्हाइके एकाच वेळी भाव करीत असली तरी गोंगाट वाटत नाही. तेच दुकान रंगासाठी रिकामे केले की आपलाच आवाज अंगावर येतो. धंद्यात उमर गेली, पण यामागचा हिशेब आम्हाला दीपनगरला उमगला.

वीजकेंद्राच्या परिसरातील एका शाळेत आम्ही पडद्यांचे माप घ्यायला गेलो होतो. मास्तर तळमळीने शिकवीत होते, पण शेवटच्या बाकावर शब्दावर शब्द चढत होता. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. 'सीन' आणि 'शीन' यांतला फरक आधी कानाला कळतो, मग लेखणीला. कानच फसला तर मूल 'ढ' ठरते. दोष मात्र खोलीचा असतो.

भिंतींवर आपटून आवाज मागे रेंगाळतो, त्याला निनाद म्हणतात. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात व्याख्यान समजत नव्हते. वॉलेस सबाईन या प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या आणि निनाद मोजला. गाद्या वाढल्या तसा तो घटला. त्यावरून नियम निघाला: खोलीच्या घनफुटांना ०.०४९ ने गुणा आणि आवाज शोषणाऱ्या क्षेत्राच्या चौरस फुटांनी भागा. उत्तर सेकंदांत येते.

३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच अशी गिलाव्याची रिकामी खोली धरा. कठीण पृष्ठभाग शंभरातला जेमतेम तीन भाग आवाज शोषतो. म्हणून निनाद सुमारे ४.४ सेकंद. चाळीस मुले बसली की तो १.३ वर येतो, कारण माणसाचे अंग आणि कपडेही आवाज पितात. छत १४ फूट केले तर मुलांसह १.७. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्यास घनफळ आठपट होते, पृष्ठभाग मात्र चौपटच. म्हणून रिकाम्या खोलीचा निनाद दुप्पट होतो. अमेरिकेच्या २००२ च्या मानकात दहा हजार घनफुटांपर्यंतच्या वर्गाला ०.६ सेकंदांची मर्यादा दिली आहे.

खानदेशच्या उन्हाळ्यात छत उंच हवेच. ते खाली आणा असे आम्ही म्हणणार नाही. मागच्या व बाजूच्या भिंतीवर ३०० चौरस फूट जाड सुती कापड चुण्या घालून, भिंतीपासून थोडे सुटे टांगले, तर दहा फुटी वर्गाचा निनाद ०.८ च्या आसपास येतो. चुण्यांसाठी कापड दुप्पट लागते. खिडक्या झाकू नयेत. भिंतीला चिकटवलेले पातळ कापड शोभेपुरतेच. तसले कापड शाळेच्या गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे.

शाळेसाठी वर्गणी देणाऱ्या व्यापारी बांधवांनी फरशी आणि रंगाबरोबर एवढेही विचारावे: शेवटच्या बाकावर ऐकू येते का? नकाशा कागदावर असतानाच विचारले, तर खर्च थोडक्यात भागतो.