वसतिगृहाचे संगणक-जाळे आणि आपले यंत्र

वसतिगृहात नव्याने राहावयास आलेल्या विद्यार्थ्यास खोलीच्या भिंतीवर, विजेच्या बटणांशेजारी, एक लहानशी चौकोनी खोबण दिसते. तिच्या आत आठ बारीक सोनेरी तारा ओळीने बसविलेल्या असतात. संस्थेच्या संगणक-जाळ्याचे खोलीपर्यंत आलेले टोक ते हेच. या टोकाला आपला संगणक जोडण्यास लागणारी सामग्री फार थोडी आहे. मात्र ती नेमकी असावी लागते.

पहिली वस्तू नेटवर्क कार्ड. संगणकातील माहिती शून्य व एक या अंकांच्या रूपात असते. तिचे विद्युत्स्पंदांत रूपांतर करून ती तारेवर सोडणे आणि आलेले स्पंद पुन्हा अंकांत उतरविणे, हे या कार्डाचे कार्य होय. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ पद्धतीची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. आजची जाळी तिच्याच वंशातील आहेत. पूर्वी हे कार्ड निराळे विकत घ्यावे लागे. आता ते बहुधा संगणकातच असते. परंतु पुष्कळ पातळ लॅपटॉपांना तारेची खोबणच ठेवलेली नसते. त्यांच्यासाठी यूएसबीला लावावयाचा एक लहानसा अडॅप्टर घ्यावा लागतो.

प्रत्येक कार्डास त्याचा निर्माता ४८ बिटांचा एक अंक देतो. इंग्रजीत त्यास पत्ता म्हणतात. पण जो ठिकाण सांगत नाही त्यास पत्ता कसे म्हणावे? मोटारीच्या चासीवरील क्रमांकाशी त्याचे साम्य अधिक. संस्थेचे संगणक केंद्र अनेकदा हाच अंक नोंदवून प्रवेश देते. अडॅप्टर वापरल्यास हा अंक अडॅप्टरचा असतो, संगणकाचा नव्हे. मित्राचा अडॅप्टर उसना आणून लावला, तर जाळे आपल्याला मित्राच्या नावाने ओळखते. आणि आपल्या हातून काही नियमभंग घडल्यास जाबही त्यालाच द्यावा लागतो!

दुसरी वस्तू तार. तिच्यात आठ तारांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडी पीळ देऊन वळलेली असते. हा पीळ शोभेसाठी नाही. बाहेरचा विद्युत्क्षोभ पिळामुळे जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ग्राहक यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा मोजत असल्याने तो आपोआप वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी १८८१ मध्येच ही युक्ती योजिली होती. तरीही १०० मीटरांपलीकडे या तारेचा भरवसा धरीत नाहीत. वसतिगृहाच्या मजल्यांवर कुलूपबंद पेट्या आढळतात त्या यासाठीच. तार ‘५-ई’ वर्गाची असल्यास सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेते. या वेगास चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटांस दोनच पुरतात. म्हणून जाळे चालू आहे पण वेग एकदशांशावर आला आहे असे दिसल्यास, संगणकास दोष देण्यापूर्वी एखादी तार तुटली आहे काय ते पाहावे. नवी तार स्वस्त असते.

बिनतारी जोडणीस तार लागत नाही. पण तेथे एकच आकाश सर्वांस वाटून घ्यावे लागते. केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी जुनी यंत्रे गजबजलेल्या वसतिगृहात मंदावतात. ५ गिगाहर्ट्झचीही सोय असलेले यंत्र घ्यावे.

राहिला राउटर. तो आवश्यक नाही, आणि चुकीच्या खोबणीत जोडल्यास उपद्रवी ठरतो. जाळ्यात नव्याने आलेला संगणक ‘मला क्रमांक द्या’ अशी हाक सर्वांनाच घालतो आणि बहुधा जो प्रथम उत्तर देईल त्याचे ऐकतो. विद्यार्थ्याच्या राउटरने संस्थेच्या यंत्राआधी उत्तर दिले, तर शेजाऱ्यांच्या संगणकांना भलतेच क्रमांक मिळतात व परीक्षेच्या आदल्या रात्री सारा मजला इंटरनेटला मुकू शकतो. राउटर लावावयाचाच असेल, तर संगणक केंद्राची अनुमती घ्यावी आणि भिंतीकडून येणारी तार, बाहेरील जोडणीसाठी राखलेल्या, बहुधा निराळ्या रंगाच्या खोबणीतच बसवावी.