‘फिरोज’ नावाचा अर्थ काय? हे नाव मूळचं कुठलं? जाणून घ्या

फिरोज हे नाव आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं. नाव ऐकलं की माणूस मुसलमानच असणार, असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात हे नाव इस्लामच्याही आधीचं आहे, आणि ते अरबी नसून इराणचं आहे.

अर्थ काय?
इराणच्या जुन्या पहलवी भाषेत मूळ शब्द ‘पेरोज’ असा होता. त्याचा अर्थ विजयी, यशस्वी. म्हणजे आपल्याकडे ‘विजय’, तसं तिकडे ‘पेरोज’. या शब्दाच्या शेवटच्या भागाचं नातं भाषेचे अभ्यासक आपल्या ‘ओज’ म्हणजे बळ या शब्दाशी जोडतात.

नावाचा राजा
इराणच्या ससानी घराण्यात पेरोज नावाचा राजा होऊन गेला. त्याने इ.स. 459 ते 484 या काळात राज्य केलं. तो जरथुष्ट्री धर्माचा होता. नाव ‘विजयी’ असलं तरी श्वेत हूणांशी लढताना तो हरला आणि रणातच मारला गेला. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी इस्लामचा उदय झाला.

‘प’चा ‘फ’ कसा झाला?
सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला. अरबी भाषेत ‘प’ हा उच्चारच नाही, त्यामुळे पेरोजचं फिरोज झालं. ‘पारसी’ भाषेला ‘फारसी’ म्हणायला लागले, तेही याच कारणाने.

खडा आणि रंग
अंगठीतला निळसर हिरवा पिरोजा खडाही याच शब्दातून आला. इराणमधल्या निशापूरच्या खाणी या खड्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. मराठीतल्या ‘पिरोजा’त जुना ‘प’ अजून टिकून आहे, तर रंगाला आपण ‘फिरोजी’ असंही म्हणतो.

आपल्याकडचे फिरोज
दख्खनच्या बहमनी गादीवर 1397 ते 1422 या काळात फिरोजशहा होता. भीमेच्या काठी त्याने फिरोजाबाद वसवलं. मुंबई महापालिकेच्या कारभाराची घडी बसवणारे सर फिरोजशहा मेहता (1845–1915) मात्र पारशी होते. 1890 साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी (1912–1960) यांना केवळ नावामुळे मुसलमान ठरवणारे मेसेज मोबाईलवर फिरत असतात. त्यांचा जन्म मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. नाव एकच, पण ते ठेवणाऱ्यांचे धर्म वेगवेगळे. त्यामुळे पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: फिरोज म्हणजे विजयी. माणसाचा धर्म त्यातून कळत नाही.